पेशन्स नावाची गाय

आई पुण्याहून इकडे इंग्लंडला आली की गाडीतली पुढची सीट तिची. मागे बसलं की बोर्ड नीट दिसत नाहीत म्हणे, आणि बोर्ड वाचणं हा तर तिचा प्रवासातला मुख्य उद्योग. परवा एम ४० मोटरवेवरून वॉरिक गावाकडे निघालो होतो. पुढे रस्त्याचं काम. लाल त्रिकोणात फावडं घेऊन ओणवा झालेला तो काळा माणूस दिसला आणि आई म्हणाली, "अरे, याची छत्री उघडत नाहीये बघ."

इथले लोक कित्येक वर्षं हाच विनोद करतायत. आईला तो कुणी सांगितला नव्हता. इथला पाऊस मात्र तिने चार दिवस पाहिला होता.

हा छत्रीवाला मार्गारेट कॅल्व्हर्ट या डिझायनर बाईंनी काढलेला. इंग्लंडचा पहिला मोटरवे, प्रेस्टनचा बायपास, १९५८ साली सुरू झाला. तोवरच्या पाट्या म्हणजे नुसती खिचडी. सुसाट गाडीतून त्या वाचणार कोण? डिझायनर जॉक किनीर आणि त्यांची ही विद्यार्थिनी कॅल्व्हर्ट कामाला लागले. आधी मोटरवेच्या निळ्या पाट्या, मग १९६५पासून बाकीच्या: मोठ्या रस्त्यांना हिरव्या, बारक्यांना पांढऱ्या. गावांची नावं सगळी कॅपिटलमध्ये लिहायची पद्धतही त्यांनी मोडली. वरखाली होणाऱ्या अक्षरांमुळे शब्दाला आकार येतो, आणि लांबून ओळखू येतो तो आकारच. आपल्याला हे वेगळं सांगायला नको. एसटीच्या पाटीवर 'पुणे' आपण अक्षरं जुळवत थोडंच वाचतो?

माझा जीव मात्र गुरांच्या पाटीवर. त्यावरची गाय खरी होती. कॅल्व्हर्टबाईंच्या नातेवाइकांच्या वॉरिकशरमधल्या शेतावरची, नाव पेशन्स. आणि शाळेजवळच्या पाटीवर धाकट्याचा हात धरून निघालेली मुलगी? त्या स्वतःच, लहानपणच्या.

हे सगळं आईला ऐकवेपर्यंत आम्ही मोटरवे सोडून पांढऱ्या पाट्यांच्या रस्त्याला लागलो होतो. एका वळणावर गुरांचा तो त्रिकोण आला, आणि त्याच्या मागोमाग खऱ्याच गाई. धारांची वेळ असावी. सगळा रस्ता अडवून, कुणाचीही फिकीर न करता चालल्या होत्या. मी इंजिन बंद केलं.

"यातली पेशन्स कुठली?"

"अगं, साठ वर्षं झाली त्याला."

"मग पणती असेल," म्हणत आईने काच खाली केली आणि सगळ्यात मागे रेंगाळणाऱ्या एकीला चक्क मराठीत म्हणाली, "चल गं बाई, हो पुढे."