पद्मिनीचा फ्यूज बॉक्स आणि "माल निघालाय"

बॉक्स बदलणं हे एका दुपारचं काम आहे, पण तो मिळवण्यात माझा अख्खा पावसाळा गेला, त्यामुळे इथे दुकानदाराबद्दलच जास्त लिहिलं जाणार, सांभाळून घ्या.

गाडी बाबांची, 1984 ची प्रीमिअर पद्मिनी. हेडलाइट लावले की थोड्या वेळाने मंद व्हायचे आणि जळका वास यायचा. झाकण काढलं तर एका फ्यूजला सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली आणि क्लिपखालचा बॉक्स करपून तडकलेला. कुणीतरी कधीकाळी 100/90 चे (अपरला 100 वॉट, डिपरला 90) बल्ब टाकून ठेवलेले. 90 वॉट भागिले 12 व्होल्ट म्हणजे साडेसात अँपिअर, फ्यूज आठचा, त्यात क्लिप सैल आणि हिरवी पडलेली, मग तापणारच ना.

स्पेअर पार्टच्या गल्लीतलं एक जुनं दुकान, नाव घेत नाही. शेठने मोबाइलवर फोटो बघितला न बघितला आणि म्हणाला, "ओरिजिनल मिळेल, पाचशे ठेवून जा." ठेवले. मग सुरू झालं. माल निघालाय. पोरगा गोडाऊनला गेलाय. आज अमावस्या आहे. फोन केला की "तुम्हालाच लावणार होतो", आणि प्रत्यक्ष गेलं की काउंटरवर भलताच माणूस, त्याला काहीच माहीत नाही. एकदा ब्लेड फ्यूजवाला बॉक्स पुढे केला, "हेच लावा, जुन्यात काय ठेवलंय?" तो वाईट नसतो, उलट पकड चांगली असते, पण मला ते उघड्या पट्टीचे सिरॅमिक फ्यूजच हवे होते आणि पैसे त्याचेच दिले होते.

शेवटी एकदाचा "ओरिजिनल" आला, पिशवीत सीलबंद. मी घरून फ्रिजवरचं मॅग्नेट घेऊन गेलो होतो. ओरिजिनलच्या क्लिपा पितळेच्या, आणि पितळेला मॅग्नेट चिकटत नाही. ह्याच्या क्लिपांना टक्कन चिकटलं, म्हणजे पत्र्यावर नुसतं पाणी चढवलेलं. शेठ म्हणाला, "कंपनीच आता असं देते." अहो, कुठली कंपनी, पद्मिनी बंद होऊन जमाना झाला! पाचशे परत नाहीतच, "दुसरं काहीतरी घेऊन जा." वायपर ब्लेड घेतले, संताप गिळून.

बॉक्स मिळाला तो कुर्ल्यात, जिथे ही गाडी बनायची तिथेच. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये संपल्या, पण टॅक्सीची कामं करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे भंगारातून काढलेले बॉक्स होते. एका क्लिपला जास्तीची वायर सोल्डर केलेली, मीटरची म्हणे. मॅग्नेट लावलं, चिकटलं नाही, मिस्त्री हसले. त्यामुळे आधी जुन्या टॅक्सीवाल्या मिस्त्रींना गाठा, दुकानं नंतर.

बसवताना आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, फोटो काढा, आणि सगळ्या वायरी एकदम सोडू नका, एक इकडून काढायची नि लगेच तिकडे लावायची, कारण धुळीखाली पिवळी कुठली आणि पांढरी कुठली काही कळत नाही. करपलेली टोकं कापून नवीन थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) मारा. क्लिपा बारीक पॉलिश पेपरने घासून जरा आत दाबून घ्या, फ्यूज घट्ट बसला पाहिजे. हो, आणि बॅटरी जोडायच्या आधी निगेटिव्ह केबल आणि टर्मिनलच्या मध्ये गाडीचाच 12 व्होल्टचा, 21 वॉटचा बल्ब लावून बघा, सगळे स्विच बंद असताना तो फुल पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, फ्यूजही वाचतात आणि वायरिंगही. माझा पेटला नाही, तेव्हा जो काय आनंद झाला तो शेठला दाखवायला हवा होता.

हेडलाइट चालू ठेवून फ्यूजच्या दोन टोकांवर मल्टिमीटर धरा. जुन्यावर अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवत होता, आता जेमतेम काही दाखवतो. बल्ब 60/55 चे टाकलेत. फ्यूज पांढरा आठचा आणि लाल सोळाचा असतो, आठच्या जागी लाल लावायचा मोह होतो म्हणून मी गाडीत सुटे फक्त पांढरेच ठेवतो.