५८ ठोके आणि डावं वळण

दिवाळीच्या सुट्टीत भाचा घरी आला तो रिमोटची गाडी घेऊनच. रिमोटचं डावीकडचं बटण मेलं होतं. आतली तांब्याची पट्टी इतकी झिजली होती की सोल्डरिंगचा डाग धरेना. गाडी पुढे जायची, मागे यायची, उजवीकडे वळायची, डावीकडे काही केल्या नाही. "मामा, आता ही एकाच बाजूला गोल फिरणार का?" त्याचा चेहरा पाहून मी कपाटातलं आरटीएल-एसडीआर डोंगल काढलं.

हे डोंगल मुळात टीव्ही बघण्यासाठीचं. पण त्यातली आरटीएल२८३२यू चिप हवेतल्या सिग्नलचे कच्चे नमुने, म्हणजे नुसते आकडे, कॉम्प्युटरला देऊ शकते, आणि पुढचं रेडिओचं काम सॉफ्टवेअर करतं. माझ्याकडचं डोंगल साधारण २४ मेगाहर्ट्झपासून ऐकतं. रिमोटची फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या क्रिस्टलवर २७.१४५ छापलेलं होतं, म्हणजे जेमतेम आवाक्यात.

जीक्यूआरएक्स हे रेडिओचं सॉफ्टवेअर सुरू केलं. गाडी नुसती चालू केली तरी वॉटरफॉलवर, म्हणजे सिग्नल रंगांत दाखवणाऱ्या सरकत्या चित्रावर, एक पसरट, धुरकट पट्टा उमटायचा. स्वस्त खेळण्यांतला सुपर-रीजनरेटिव्ह रिसीव्हर ऐकता ऐकता स्वतःही थोडं प्रक्षेपण करतो, त्याचा तो पट्टा. असा रिसीव्हर ढोबळ असतो, फ्रिक्वेन्सी थोडी इकडेतिकडे झाली तरी त्याला चालतं. मग 'पुढे'चं बटण दाबलं आणि त्या धुक्यात एक लख्ख रेघ उभी राहिली. एएमवर, फिल्टर रुंद ठेवून आवाज रेकॉर्ड केला आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या लहरी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला.

तिथे सगळं डोळ्यांना दिसत होतं. सिग्नल चालू, बंद, चालू, बंद. आधी चार लांब ठोके, प्रत्येकी दीड मिलिसेकंद चालू आणि अर्धा बंद. त्यामागून आखूड ठोके, अर्धा चालू, अर्धा बंद. 'पुढे'साठी आखूड ठोके १०. भाचा शेजारी बसून स्क्रीनवर बोट ठेवून मोजत होता. 'मागे' ४०, 'उजवीकडे' ६४, 'पुढे-उजवीकडे' ३४, 'मागे-उजवीकडे' ४६. बोट उचललं की ४. गाडीला पाठवलेला प्रत्येक हुकूम म्हणजे एक आकडा, बस्स. मी वहीत ते आकडे लिहिले तेव्हा मला खरोखर भरून आलं. इतक्या वर्षांत रेडिओचा हुकूम असा बोटांनी मोजून कधी पाहिला नव्हता.

हे डोंगल फक्त ऐकतं, बोलत नाही. मित्राकडून हॅकआरएफ वन आणलं, ते १ मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ दोन्ही कामं करतं, पण एका वेळी एकच. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी ताकदीच्या, अंगच्याच अँटेनाच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे. हॅकआरएफ असलं खेळण्याचं उपकरण नव्हे, म्हणून अँटेनाच्या जागी वीतभर तार लावली, ताकद तळाशी ठेवली आणि गाडी टेबलावर, हाताच्या अंतरावर.

डोंगलने कच्चे नमुने टिपलेली 'पुढे'ची फाइल तशीच पाठवली. गाडी ढिम्म. संध्याकाळ त्यात गेली. कारण रात्री सापडलं. डोंगल नमुने ० ते २५५ असे लिहितं, शांतता म्हणजे १२७-१२८ च्या आसपास. हॅकआरएफला -१२८ ते १२७ असे आकडे लागतात. त्यामुळे जिथे काहीच नसायला हवं तिथेच पूर्ण जोराचा गोंगाट जात होता. प्रत्येक नमुन्यातून १२८ वजा केले आणि गाडी टेबलावरून निघाली ती थेट माझ्या मांडीत.

पण यातून डावं वळण मिळणार नव्हतं. जो हुकूम रिमोट देतच नाही, तो टिपणार कुठून? उत्तर वहीतल्या आकड्यांत होतं. ४, १०, ३४, ४०, ४६, ६४... सगळे सहा-सहाच्या पायरीवर. मधल्या रिकाम्या पायऱ्या पाचच: १६, २२, २८, ५२, ५८. मग रेकॉर्डिंग बाजूला ठेवून पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत ठोके स्वतः घडवले, चार लांब आणि पुढे हवे तितके आखूड.

भाच्याने ५८ निवडलं. एंटर दाबताच पुढची चाकं टकन डावीकडे झाली. तो ओरडला, मीही ओरडलो. २८ ला गाडी डावं वळण घेत पुढे गेली, ५२ ला तसंच मागे. नंतर टीएक्स-२बी या रिमोटच्या चिपची डेटाशीट, म्हणजे माहितीपत्रक, पाहिलं, तिथे हेच आकडे छापलेले आहेत. पण आधी ते आम्ही शोधले होते.

राहिले १६ आणि २२. १६ ला गाडी पुढे गेली, वेग तोच. २२ ला काहीच नाही. डेटाशीटमध्ये त्यांच्यापुढे 'टर्बो', म्हणजे जादा वेग, असं लिहिलं आहे. गाडी उघडली. आतल्या आरएक्स-२बी चिपचा टर्बोचा पाय बोर्डावर कुठेच जोडलेला नव्हता. "मामा, तिथे दिवा लावूया?" दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या तापकीर गल्लीतून लाल एलईडी आणि एक रेझिस्टर आणला, त्या पायाला डाग दिला. आता २२ पाठवलं की गाडीच्या टपावर लाल दिवा लागतो. रिमोटवर त्याचं बटण नाही.