दीड इंच माया

आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत खिळ्याला एक शेरवानी लटकलेली आहे. मोरपिशी रंग, गळ्याशी जरीकाम, आत सॅटिनचं अस्तर. ती आली 2024 च्या सप्टेंबरात, विश्वामित्री नदीचा पूर नुकताच ओसरला होता तेव्हा. एक गृहस्थ गाडीतून उतरले, तीन थैले ठेवले आणि घाईत निघून गेले. मी पहिला थैला उघडला आणि कपाळाला हात लावला. ज्याचं घर गाळानं भरलंय त्याला शेरवानी!

बडोद्याबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. त्या वर्षी 26 ऑगस्टला जन्माष्टमी होती आणि त्याच सुमारास पावसानं जोर धरला. पावागढाकडून येणारी ही नदी एरवी काळ्या घोड्याच्या पुलाखाली इतकी निमूट असते की पाहुण्यांना ती दाखवायची लाज वाटावी. पण पाणी चढलं की ती आधी सखल वस्त्यांमध्ये शिरते. 2019 मध्ये 31 जुलैला एका दिवसात 20 इंचांच्या आसपास पाऊस झाला होता, तेव्हाही हेच झालं. रस्त्यावर आलेल्या मगरींचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. बाहेरच्यांना मगर लक्षात राहते. नदीकाठच्या माणसाच्या लक्षात राहतो तो गाळ, आणि कपड्यांना आलेला वास, जो तीन धुण्यांनीही जात नाही.

मी बायकांचे कपडे शिवते. बत्तीस वर्षं झाली. आजोबा नगरकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आले आणि आम्ही इथलेच झालो. आमच्या चर्चची मंडळी मात्र सगळी गुजराती. छप्पनियाच्या दुष्काळात, म्हणजे 1899-1900 मध्ये, मिशनच्या अनाथालयांत वाढलेल्या मुलांची नातवंडं-पतवंडं आमच्या उपासनेत बसतात. त्यांच्यात मी ‘मराठी बेन’. प्रार्थना गुजरातीत म्हणते, हिशोब मात्र मराठीत करते. पाळकसाहेबांनी महिला मंडळाला विचारलं, कपड्यांचं काम कोण बघेल? सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. नाही कसं म्हणणार?

पहिल्या आठवड्यात खोलीत कपड्यांचा डोंगर झाला. स्पष्टच बोलते: निम्मी लोकं दान करत नाहीत, कपाट आवरतात. एका पायाचा बूट आला. कुणाच्या तरी शाळेच्या निरोपसमारंभाची टोपी आली. चेन तुटलेल्या जीन्स किती आल्या ते मोजायचं मी सोडून दिलं. आणि पुरुषांच्या पँटी. देणाऱ्याची कंबर 38, 40. घेणाऱ्याची 28, फार तर 30. तुम्हाला वाटेल त्यात काय, टाका घातला की झालं. नाही होत. मागच्या शिवणीतून दोन इंचांच्या वर कापड आत घेतलं की मागचे दोन्ही खिसे एकमेकांच्या अंगावर येतात आणि माणूस चालताना विचित्र दिसतो. मग पट्टा उसवायचा, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं आत घ्यायचं, पट्टा परत बसवायचा. एका पँटीला पाऊण तास जातो. तेवढ्या वेळात माझं गिऱ्हाइकाचं निम्मं ब्लाउज होतं.

साड्या मात्र छान आल्या. धुतलेल्या, घड्या घातलेल्या. सयाजीगंजमधल्या परशुराम भठ्ठ्यातल्या बायकांना आम्ही त्या टेबलावर मांडून स्वतः निवडू दिल्या, हातात कोंबल्या नाहीत. मला त्याचा अभिमानच वाटला होता. पुढच्या शनिवारी तिकडे गेले, तर माझ्या ओळखीच्या साड्या दारांना पडदे होऊन लटकत होत्या. एकीची झोळी झाली होती, आत बाळ झोपलेलं. आणि बायका अंगावर त्याच, पुरात भिजलेल्या मॅक्सीमध्ये.

मला राग आला. खोटं कशाला बोलू. एवढ्या चांगल्या कॉटनच्या साड्या! एका बाईला मी जरा तोऱ्यातच विचारलं, ‘‘साडी आवडली नाही का?’’ ती दाराशी बसून भांडी खरवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘बेन, चणियो क्यां छे?’’

परकर कुठे आहे.

बत्तीस वर्षं ज्या बाईनं परकर-पोलकी शिवून मुलांच्या फिया भरल्या, तिला हे सुचू नये? साडी देणारी साडी देते. तिचा परकर विटलेला असतो, तो ती देत नाही. ब्लाउज तिच्या मापाचं, ते दुसरीला होत नाही. म्हणजे आम्ही वाटली ती साडी नव्हतीच. ते साडेपाच मीटर कापड होतं, आणि कापडाचं जे करतात तेच त्या बायकांनी केलं होतं.

पाळकसाहेबांना म्हटलं, मला साड्या नकोत, पॉपलिन पाहिजे. त्यांना समजलं नाही तरी त्यांनी मान डोलावली. हा त्यांचा गुणच आहे. मंगळ बाजारातून नाड्याची रिळं आणली, नवाबाजारातून पॉपलिनचं ठाण. रंग ठरवताना महिला मंडळात जुंपली. सिस्टरबेन म्हणाल्या पांढरं घ्या, स्वस्त पडतं. त्या निवृत्त नर्स, त्यांना जग पांढरंच दिसतं. मी काळा, मरून आणि गडद निळा यांवर अडून बसले. नळावर तासभर रांग असते तिथे पांढरा परकर धुणार कोण, आणि पाळीच्या दिवसांत नेसणार कोण? हे म्हटल्यावर सिस्टरबेन गप्प झाल्या आणि त्यांनीच आतल्या नव्या कपड्यांची यादी काढली. चड्ड्या, ब्रा, पॅड. या वस्तू थैल्यांतून कधी येत नाहीत, याव्यातही नाहीत. त्या नव्याच घ्यायच्या असतात, म्हणून पेटीतले पैसे तिकडे वळवले.

परकर सोपा. पॉपलिन आधी भिजवून वाळवायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात चार बोटं आखडतं आणि घोट्याच्या वर जातं. मग सहा कळ्या, नाडा ओवायला रुंद नेफा, खाली दोन टिपा. पन्हा 36 इंची असेल तर दोन मीटरमध्ये बसतो. आमच्यातल्या ज्यांना मशीन येत नाही त्यांनी नाडे ओवले. हे काम करताना जेवढ्या गप्पा होतात तेवढ्या उपासनेनंतरच्या चहालाही होत नाहीत.

ब्लाउज अवघड. वस्तीत जाऊन पन्नास जणींची मापं घेणं आमच्या ताकदीबाहेरचं होतं, आणि पूर ओसरून चार दिवस झालेले असताना कुठली बाई टेपसमोर हात वर करून उभी राहणार? मग मी काळ्या टू बाय टू कापडाची ब्लाउजं 34, 36, 38, 40 अशा चार मापांत बेतली. हुक पुढे, बाही सैल, आणि दोन्ही बगलांना दीड दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. बाजूला तीन टिपा घातल्या. अंगात घट्ट झालं तर एक टीप उसवा, अजून घट्ट झालं तर दुसरी. शिंपी शोधायला नको, एक ब्लेड पुरे. मला विचाराल तर त्या सगळ्या वर्षात मी केलेलं सगळ्यात हुशारीचं काम तेच.

टेबलाजवळ पत्रकं ठेवायची नाहीत, हा आमच्या खोलीचा नियम आहे. कुणी प्रार्थना करा म्हटलं तर करतो, आपणहून विषय काढत नाही. तरी एकदा एका पोरानं विचारलंच, ‘‘आंटी, हे घेतलं तर चर्चला यायला लागणार?’’ म्हटलं, बाबा, पँट घातल्यावर ती कमरेत बसते का तेवढं सांगायला ये.

बायबलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांच्या 9 व्या अध्यायात यापो गावच्या टबीथाची, म्हणजे दुर्कसची, गोष्ट आहे. ती मरते आणि येशूचा शिष्य पेत्र प्रार्थना करून तिला उठवतो. प्रवचनं होतात ती तिच्या उठण्यावर. माझं लक्ष मात्र लहानपणापासून त्या विधवांकडे जातं. त्या पेत्राभोवती रडत उभ्या राहतात आणि दुर्कसनं केलेले अंगरखे, वस्त्रं त्याला दाखवतात. कुणाच्या मयताला कपडे घेऊन जायचं कसं सुचलं असेल? मला वाटतं त्या शिवण दाखवत असणार. हे बघा, हे आमच्या मापाचं होतं.

असो. पडदे झालेल्या साड्यांचं पुढे काय झालं तेही सांगते. हिवाळ्यात त्याच बायका त्या साड्या घेऊन खोलीत आल्या, गोधडी करू म्हणाल्या. इथे तिला गोदडी म्हणतात, टाका तोच. मधून सुरू करून कडेला यायचं की कडेनं सुरू करून मध्ये जायचं यावर मी आणि त्या चणियोवाल्या बाईनं एक अख्खी दुपार वाद घातला. ती कडेनं जाणारी. तिचे टाके माझ्यापेक्षा बारीक आहेत, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तिच्याच धाकट्या मुलाचं लग्न 2025 च्या फेब्रुवारीत ठरलं. ती खोलीत आली, खिळ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, ‘‘बेन, ती कुणाची आहे?’’

पाच महिने मी त्या शेरवानीची आल्यागेल्याला गोष्ट सांगून थट्टा केली होती. मुलगा सडसडीत, छाती 34. शेरवानी 42 ची. बगला आत घेता येतात, खांद्याचं काय? दोन्ही बाह्या काढल्या, खांदे कापले, मुंढा नव्यानं बेतला, बाह्या परत लावल्या. तीन रात्री गेल्या. आमचे हे म्हणाले, नवी शिवली असतीस तर लवकर झाली असती. वरातीत पोरगा बँडच्या पुढे असा काही नाचला की मला एकीकडे शिवणीची काळजी आणि दुसरीकडे हसू.

लग्नानंतर आठवड्यानं त्याच्या आईनं शेरवानी परत आणून दिली. घडी घातलेली, आणि मनापासून धुतलेली. साबणाच्या पाण्यात, ब्रश मारून. पुढची बकरम, म्हणजे ताठपणासाठी आतून लावलेलं कापड, फुगली होती, अस्तर आखडलं होतं, मोरपिशी रंग जरासा आभाळी झाला होता. मी तोंडातून शब्द काढला नाही. बकरम बदलली, अस्तर नवं लावलं आणि ती परत खिळ्याला अडकवली.

या मोसमात दोघांनी विचारून ठेवलंय. त्यातल्या एकाची छाती 36 आहे. बरं झालं, कापताना बगलेत माया ठेवली होती.