नव्वद पायऱ्या, एक वानर आणि अक्रोतिरी

ग्रीसच्या सांतोरिनी बेटावरच्या अक्रोतिरीच्या उत्खननाला पोचलो तेव्हा फाटकाला कुलूप होतं. साप्ताहिक सुट्टी. चूक सर्वस्वी माझी. वेळापत्रक मी घरून निघायच्या महिनाभर आधी बघितलं होतं, ते उन्हाळी हंगामाचं. आणि आम्ही उभ्या होतो नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आई एक शब्द बोलली नाही. बाटली काढून दोन घोट पाणी प्यायली आणि कठड्यावर जाऊन बसली. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा हे आधी सांगून टाकते. ग्रीसमधल्या सरकारी पुरातत्त्व स्थळांच्या वेळा, दर आणि सुट्टीचे वार हंगामाप्रमाणे बदलतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी संस्कृती मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पुन्हा एकदा बघा. अक्रोतिरीचं उत्खनन आणि फिरा गावातलं संग्रहालय यांचे वार वेगवेगळे तपासा, दोन्हींना एकच सुट्टी असेल असं धरून चालू नका. आमच्या नशिबानं त्या दिवशी संग्रहालय उघडं होतं. त्यामुळे सगळ्या गाईडबुकांच्या उलट, आम्ही आधी चित्रं बघितली आणि मग घरं. आता मी प्रत्येकाला हाच क्रम सांगते.

थोडी पार्श्वभूमी. सांतोरिनी, म्हणजे जुनं थिरा, हे एजियन समुद्रातलं ज्वालामुखीचं बेट. आज त्याचा आकार चंद्रकोरीसारखा आहे, कारण मधला भाग वेळोवेळी उडून, खचून समुद्रात गेलाय. साधारण ३,६०० वर्षांपूर्वीच्या प्रचंड उद्रेकात दक्षिण टोकाचं एक भरभराटीचं बंदरगाव राखेखाली गाडलं गेलं. त्याचं मूळ नाव आपल्याला ठाऊक नाही. शेजारच्या आजच्या खेड्यावरून त्याला अक्रोतिरी म्हणतात. उद्रेक नक्की कधी झाला यावर अजून भांडण आहे. राखेत सापडलेल्या ऑलिव्हच्या फांदीची कार्बन-तपासणी इ.स.पू. १६२७ ते १६०० म्हणते, तर मातीची भांडी आणि इजिप्तची कालगणना लावणारे बरेच जण उद्रेक त्याहून अलीकडे आणतात.

बसनं फिराला परत आलो. संग्रहालय बस स्टँडपासून पाच मिनिटांवर. लहानसं आहे, दीड तासात होतं. आत निळ्या माकडांचं भित्तिचित्र आहे: खडकांवरून चढणारा, उड्या मारणारा कळप, अंग निळसर करडं. मी पाटी वाचत होते, तेवढ्यात आई म्हणाली, "अगं, हे माकड कुठलं? वानर आहे. शेपटी बघ ना."

आईचं माहेर गुहागरकडचं. तिथे माकड वेगळं आणि वानर वेगळं, हे शाळेत जायच्या आधी कळतं. लाल तोंडाचं ते माकड, काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. फणस कोणी फोडला, कौलं कोणी सरकवली, यावरून रोज ओरडा व्हायचा. वानर चालतं तेव्हा शेपटी वर उचलून कमान करतं. भिंतीवरच्या चित्रात अगदी तेच होतं.

रात्री खोलीवर शोधलं तर २०१९ साली वानरांचे अभ्यासक आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक यांनी मिळून नेमका हाच मुद्दा मांडलेला! शेपटीची ठेवण बघता हे आफ्रिकेतलं व्हर्व्हेट माकड नसून भारतीय उपखंडातलं वानर असावं, आणि ते चित्रकाराला मेसोपोटेमियामार्गे चालणाऱ्या व्यापारातून माहीत झालं असावं. हे सगळ्यांना पटलेलं नाही. एजियन लोकांचा इजिप्तशी संबंध जवळचा होता, तेव्हा आफ्रिकेतलं माकड मानणं सोपं, असं विरोधी अभ्यासक म्हणतात. मला दुसरी बाजूही वजनदार वाटते. आईला वाटत नाही.

याच संग्रहालयात सोन्याचा छोटा रानबोकड आहे, १९९९ साली लाकडी पेटीत सापडलेला. त्याच्यासमोर जास्त वेळ थांबा, कारण अख्ख्या गावात सोन्याची अशी वस्तू जवळपास सापडलेलीच नाही. का, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं गेलो. फिराहून साधारण अर्धा तास, तिकीट बसमध्येच कंडक्टरकडे, रोख पैसे जवळ ठेवा. बस उत्खननाच्या फाटकाजवळच सोडते. उतरल्या उतरल्या परतीच्या वेळांचा फोटो काढून ठेवा. हिवाळ्यात बसा विरळ असतात. उन्हाळ्यात क्रूझची गर्दी यायच्या आत, उघडल्या उघडल्या पोचलात तर निवांत बघता येईल.

संपूर्ण उत्खननावर भलंमोठं छप्पर आहे, त्यामुळे ऊन-पावसाची काळजी नाही. त्या छपराचीही एक दुःखद गोष्ट आहे. २००५ साली नव्या छपराचा भाग कोसळून एका पर्यटकाचा जीव गेला आणि जागा २०१२ पर्यंत बंद राहिली. आता उंच लाकडी पुलांवरून फिरायचं, मध्येच खाली रस्त्यावर उतरायचं. आईचे गुडघे कुरकुरतात, तरी तिला काही त्रास झाला नाही. (शीर्षकातल्या नव्वद पायऱ्या आमच्या हॉटेलच्या. खोली बुक करताना "पायऱ्या किती?" हे विचारा. या बेटावर तो प्रश्न भाड्याइतकाच महत्त्वाचा आहे.)

आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती दोन-तीन मजली घरं. नुसते पाये नाहीत. खिडक्या, दारांच्या चौकटी, जिने. भूकंपाच्या धक्क्यानं दुभंगलेल्या दगडी पायऱ्या तशाच आहेत. भिंतीत लाकडाच्या पट्ट्या घालून बांधलेली घरं, म्हणजे धक्के त्यांना नवे नव्हते. मात्र भिंती कोऱ्या. चित्रं सगळी सोडवून संग्रहालयांत नेलेली. आधी चित्रं बघितली नसती तर मला इथे धुळकट दगडांपलीकडे फारसं दिसलं नसतं. आता प्रत्येक खोलीत भिंतीवर काय होतं ते डोळ्यांसमोर येत होतं.

त्रिकोणी चौकासमोर 'पश्चिम घर' आहे. नौकांच्या ताफ्याचं प्रसिद्ध चित्र इथलंच. पण आईला आवडला तो वरच्या मजल्यावरचा संडास: भिंतीतल्या मातीच्या नळातून मैला थेट रस्त्याखालच्या दगडी गटारात. "आमच्याकडे घरात संडास मी सातवीत असताना आला," ती म्हणाली, आणि पुलाच्या कठड्यावर रेलून बराच वेळ खाली बघत राहिली.

याच घरातल्या एका खोलीत दोन भांडी सापडली होती, एकात वाळलेला गिलावा आणि दुसऱ्यात वाळलेला तांबडा रंग. म्हणजे रंगकाम चालू होतं.

क्रम असा लावतात. आधी मोठा भूकंप झाला. लोक गाव सोडून बाहेर पडले, मग काही जण परतले, दगडमाती बाजूला करून ढीग लावले, धडधाकट सामान बाहेर काढलं, दुरुस्ती सुरू केली. आणि मग डोंगर पुन्हा बोलला. या वेळी सगळे गेले. घरांमध्ये एकही माणसाचा सांगाडा सापडलेला नाही, सोनंनाणं जवळजवळ नाहीच, ते बहुधा बरोबरच नेलं. बाहेर काढलेल्या खाटा मात्र राहिल्या. लाकूड कुजून राखेत पोकळी उरली, तिच्यात प्लास्टर ओतून खाटेचा ठसा मिळवला. "बाजा तेवढ्या टाकून गेले," आई म्हणाली. "गेले कुठे पण?" ते कोणालाच माहीत नाही.

तळघरांत माणसाच्या कमरेएवढे रांजण ओळीनं उभे आहेत. धान्य, पीठ, कडधान्य. त्यातलं एक कडधान्य आजही बेटावर पिकतं. 'फावा' म्हणतात, शिजवून घोटून वर कांदा आणि ऑलिव्हचं तेल. हे आपल्या वाटाण्याचं नाही, विदर्भातल्या लाखोळीच्या कुळातलं आहे. दुपारी गावातल्या खाणावळीत मागवलं. आईनं चमचाभर खाऊन पर्समधून लाल तिखटाची पुडी काढली.

उत्खननाचा इतिहास थोडक्यात. सुएझ कालव्यासाठी १८६०च्या दशकात या बेटांवरून ज्वालामुखीची राख खणून नेत होते, कारण तिचं बांधकाम पाण्यात टिकतं. तेव्हा जुन्या भिंती लागल्या. पुढे मुंबईच्या बोटी ज्या कालव्यातून विलायतेला गेल्या, त्यात या बेटाची माती आहे. इथलं पद्धतशीर काम स्पिरिदोन मारिनातोस यांनी १९६७ साली सुरू केलं आणि १९७४ साली याच जागेवर अपघातात त्यांचा मृत्यू झाला. नंतर ख्रिस्तोस दूमास यांनी ते पुढे नेलं. उघडलेला भाग गावाचा छोटासा तुकडाच आहे.

उत्खननाला दीड-दोन तास धरा. परवानाधारक गाईड शक्य असेल तर घ्याच; पाट्या आहेत, पण कुठल्या दारातून कोण आत जात होतं ते पाट्या सांगत नाहीत. जवळच तांबडा किनारा आहे, दहा-पंधरा मिनिटं चालत. कड्यावरून दगड सुटतात, तेव्हा टोकावरून बघून परत फिरा. अथेन्सच्या पिरायस बंदरातून येणाऱ्या बोटी पाच ते आठ तास घेतात. वारा असेल तर वेगवान बोट टाळा, मोठी संथ बोट कमी हलते.

परतीच्या वाटेवर अथेन्समध्ये एक दिवस राखून ठेवा. राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर अक्रोतिरीची एक आख्खी खोली उभी केली आहे: तिन्ही भिंतींवर खडकांतून फुललेल्या लिली आणि हवेत पाकोळ्या. चित्रं जागच्या जागी भिंतीवर सापडलेली ही एकमेव खोली. आम्ही पोचलो तेव्हा शाळेच्या मुलांचा गट बाहेर पडत होता. आई आत गेली, उजवीकडची भिंत बघितली, डावीकडची बघितली आणि म्हणाली, "इथे वानर नाही काढलेलं." मग बाकावर बसून चप्पल सैल केली आणि वरच्या पाकोळ्या मोजायला लागली.