मालवणच्या प्रवाळांपाशी: माझा अनुभव

मालवणला आम्ही कोल्हापूरकर सहसा दोनच गोष्टींसाठी जातो, किल्ला बघायला आणि मासे खायला. सिंधुदुर्गाच्या तटाभोवतीच्या खडकांवर, दोन-तीन पुरुष खोल पाण्याखाली, जिवंत प्रवाळ आहेत हे ऐकून होते, फोटोही पाहिले होते. पण त्या बहुतेक फोटोंत मधे हसणारा माणूस आणि भोवती पावाच्या तुकड्यांवर तुटून पडलेले मासे. प्रवाळ कुठे दिसायचेच नाहीत. मला ते बघायचे होते, मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत, तेही त्यांना धक्का न लावता. मला पोहता येतं ते विहिरीतलं, समुद्राचा सराव नाही. ताईला तर अजिबात येत नाही. तरी दोघी गेलो.

तयारीतला महत्त्वाचा भाग म्हणजे दिवस निवडणं, आणि तो पंचांगावरून निवडला. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. दशमी असेल तर दहाचे पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातच्या सुमाराला पूर्ण भरती. हा अंदाज झाला, भरती-ओहोटीच्या तक्त्याशी तो ताडून घ्यावा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही आणि ओढही कमी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला हाच फरक मालवणात साधारण दोन मीटरवर जातो, तेव्हा माझ्यासारखीने पाण्यात उतरू नये. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो आणि समुद्र शांत राहतो. दुपारनंतर खारा वारा सुटला की लाटांचा चुबका सुरू होतो. म्हणून माघातली दशमी धरली: सकाळी भरलेलं पाणी, वारा पडलेला, ओढ कमी. ओहोटीला कोरल जवळून दिसेल असं बरेच जण सांगतात. पण तेव्हा उथळ खडकांवर पोटाखाली हातभरच पाणी उरतं आणि पाय लागतोच. भरतीला बाहेरचं स्वच्छ पाणीही आत येतं.

होडी ठरवायला वेळ गेला. फोनवर मी दोन अटी सांगत होते, पाव टाकायचा नाही आणि नांगर खडकावर टाकायचा नाही. एकाने ‘पाव नाही तर मासे कसे दिसणार?’ असं विचारून फोन ठेवला. शेवटी मालवणच्याच दांडी किनाऱ्यावरच्या एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “नांगर मी रेतीतच टाकतंय, बाई. खडकात टाकलो तर माझोच नांगर अडकता.” त्यांच्यावर तिथेच विश्वास बसला.

पावाबद्दल इतकं का अडून बसले ते सांगते. पावाला येतात ते मुख्यतः एकाच जातीचे धीट मासे, पिवळसर अंगावर काळे उभे पट्टे असलेले. त्यांची झुंड जमली की बुजरे मासे कपारीत जातात. शिवाय शेवाळ खाऊन प्रवाळाची जागा मोकळी ठेवणाऱ्या माशांना पावाची सवय लागणं कुणाच्याच भल्याचं नाही.

सकाळी सातला दांडीवरून निघालो. पदमगड समोरच आहे. सिंधुदुर्ग बांधायला 1664 मध्ये सुरुवात झाली, त्या मोठ्या किल्ल्याचा हा लहान सोबती. इथे जहाजबांधणी चालायची असं सांगतात. मोठ्या ओहोटीला दांडीवरून इथे चालतही येता येतं. आम्ही गेलो तेव्हा मधे पाणी भरलेलं होतं आणि बेटावर आमच्याखेरीज कुणी नव्हतं. सिंधुदुर्गाकडे होड्यांची गर्दी सुरू झालेली दिसत होती. इकडे फक्त पडकी तटबंदी आणि दांडीच्या अंगाला थोडीशी पुळण.

त्या पुळणीवरच कमरेएवढ्या पाण्यात तांडेलाच्या पुतण्याने आमच्याकडून तयारी करून घेतली. त्याने प्रशिक्षण घेतलेलं आहे आणि शिकवायची हातोटीही आहे. आधी मास्क. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने श्वास ओढायचा. तसाच चिकटून राहिला तर मापाचा. कडेखाली एक केस जरी आला तरी पाणी झिरपतं. काचेला आतून थुंकी चोळून खंगाळलं की वाफ धरत नाही. माझा चष्मा मायनस चारचा आहे, म्हणून नंबरची काच बसवलेला मास्क मी आधीच मिळवून ठेवला होता. तो नसता तर सगळं धूसरच दिसलं असतं.

मग नळी. इथे ताई अडली. पाण्यात तोंड घातलं की नाक आपोआप श्वास ओढायला बघतं, तो बंद आणि छाती धडधडते. पुतण्या म्हणाला, “घाबरू नकात. हळू घेवा, लांब सोडा.” यामागे कारण आहे. भराभर, उथळ श्वास घेतला तर नळीत अडकलेली तीच वापरलेली हवा परत आत येते आणि दम आणखी लागतो. लांब श्वास सोडला की नळी रिकामी होते. नळीत पाणी शिरलंच तर जोरात एकच फुंकर मारायची. ताईने त्याचा हात धरून बराच वेळ नुसतं पुळणीकडे बघत श्वास घेतला. मग तिने हात सोडला. मला तिचा फार अभिमान वाटला.

लाइफ जॅकेट दोघींनी घातलंच होतं, पट्टे घट्ट आवळून. अंगाला सनस्क्रीन न लावता पूर्ण बाह्यांचे कपडे घातले होते, कारण काही सनस्क्रीनमधली रसायनं प्रवाळाला अपायकारक असतात.

होडीतून थोडं पुढे जाऊन खडकांच्या बाजूच्या रेतीत नांगर पडला. उतरताना एकच सूचना: “पाय खाली टेकू नकात. दगड नाय तो, जिवंत आसा.”

सुरुवातीला हिरवट पाणी आणि रेती. समोर तीन-चार मीटर दिसत असेल. लक्षद्वीप-अंदमानची निळाई मनात ठेवून इथे येऊ नये. पावसाळ्यात नद्या गाळ आणतात, म्हणून इथे सलग भिंत नाही, खडकाखडकावर तुकड्यातुकड्याने वस्ती आहे. नाजूक फांद्यांपेक्षा गाळ सोसणारे गोलसर आणि खडकाला चिकटून पसरणारे प्रकारच जास्त. हळूहळू ते दिसायला लागले. एक पिवळट-तपकिरी घुमट, त्यावर मधाच्या पोळ्यासारखी घरं. दुसरा जवळजवळ गुळगुळीत, बारीक ठिपक्यांचा. आणि एका खडकाच्या कुशीत गोनिओपोरा नावाचा प्रवाळ. बहुतेक प्रवाळ घरांतले आपले इवले जीव रात्री बाहेर काढतात, हा दिवसाही काढतो. शेकडो लांब देठ, प्रत्येकाच्या टोकाला चोवीस बोटांचं वर्तुळ, आणि आमच्या खालून पाणी हललं की सगळे एका दिशेला कलत होते. मी हातपाय न हलवता त्यावर तरंगत राहिले. तो दगड नाही हे वाचलेलं होतं. त्या क्षणी ते पटलं.

कानही उघडे ठेवा. पाण्याखाली सतत बारीक कडकड ऐकू येते, ती चिमटे वाजवणाऱ्या कोळंब्यांची. मधेच कुरतडल्याचा आवाज आला. एक पोपटमासा खडकावरचं शेवाळ खरवडत होता. कपारीत एक गोबरा मासा अंग चोरून बसला होता, फटींमधून समुद्री साळिंदरांचे काळे काटे दिसत होते. पाव नव्हता, तरी हे सगळं होतं.

एका घुमटाचा वरचा भाग मात्र पांढरा पडलेला होता. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहतं. त्याचं बरंचसं अन्न तेच बनवतं, रंगही बराचसा त्याचाच. पाणी दीर्घकाळ तापलेलं राहिलं की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतो आणि खालचा पांढरा सांगाडा दिसतो. लगेच मरत नाही, पाणी वेळेत निवलं तर सावरतो. असे घुमट वर्षाला काही मिलिमीटर, फार तर सेंटीमीटरभर वाढतात. परातीएवढा घुमट माझ्या ताईपेक्षा वयाने मोठा असू शकतो, आणि एक नांगर त्याला क्षणात फोडतो. ते पांढरं डोकं बघून मला पाण्यातच रडू आलं.

परत पुळणीवर बसलो, चहा घेतला. तांडेल अभयारण्याबद्दल बोलले. इथला सुमारे 29 चौरस किलोमीटर भाग 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, गाभ्यात सिंधुदुर्ग आणि पदमगड. मासेमारीवर बंधनं येतील म्हणून मच्छीमारांनी तेव्हापासून विरोध केला. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही, पोट त्यावर आहे. पण तेच पुढे म्हणाले, “कोरल गेला तर मासो खंय रवतलो?” या प्रश्नासाठी तरी होडीवाल्यांना आणि मच्छीमारांना बरोबर घेतल्याशिवाय इथलं काही टिकणार नाही असं मला वाटतं. दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, एक तुकडाही घरी न्यायचा नाही.

जाणार असाल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत जा. पावसाळ्याचा गाळ तोवर बसलेला असतो. मेच्या अखेरीपासून पाण्यातले खेळ बंदच असतात. आणि होडी ठरवताना भाव विचारायच्या आधी नांगर कुठे टाकणार ते विचारा.