पेशंटच्या बाजूने बोलायला शिकवताना

मानसिक आजार असलेल्या माणसाच्या हक्कांसाठी त्याच्यासोबत उभं राहणारे लोक तयार करायचे तर कायदा शिकवणं हा मला त्यातला सोपा भाग वाटतो. युनोचा २००६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार आहे, दीर्घकाळचा मानसिक आजारही त्यात येतो, त्यातलं कलम १२ म्हणतं कायद्यापुढे सगळे सारखे, आणि निर्णय घ्यायला मदत लागत असेल तर ती मिळाली पाहिजे.

खरं अवघड आहे ते आपलं मत बाजूला ठेवणं. पेशंट म्हणतो मला ही गोळी नको, हात थरथरतात, आणि नवीन कार्यकर्ता लगेच समजवायला लागतो की अहो घ्या, तुमच्या भल्यासाठीच आहे. अरे पण हे सांगायला डॉक्टर आहेत, नर्स आहेत, घरचे आहेत! तुझं काम त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत पोचवायचं, डोस कमी होईल का, दुसरं औषध आहे का हे त्याला विचारता यावं म्हणून शेजारी बसायचं, तुला स्वतःला पटलं नाही तरी. यासाठी रोल प्ले भरपूर करून घ्यावेत, लेक्चर कमी.

आणि शिकवणाऱ्यांमध्ये स्वतः आजारातून गेलेली माणसं हवीतच, डब्ल्यूएचओच्या क्वालिटीराइट्स या मानसिक आरोग्य आणि हक्कांवरच्या ट्रेनिंगमध्येही यावर भर आहे. बांधून ठेवल्यावर, कोंडल्यावर काय होतं हे स्लाइड बघून कळत नाही हो.

अजून एक, बरं वाटत असतानाच पुढच्या वेळी कुठले उपचार हवेत, कुठले नकोत, कुणाला फोन करायचा हे लिहून ठेवायला मदत करणंसुद्धा ट्रेनिंगमध्ये हवं, हे फार राहून जातं.