उसाचा हिरवा

आज दिवसभर कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली गावाच्या बाजूला होतो. उसाला तुरे आलेत. टॅबलेटवर चित्र काढायला घेतलं आणि निम्मा वेळ नुसत्या हिरव्यातच गेला. लांबून उसाचं रान एकसारखं दिसतं, पण बांधावर बसून बघा: पानाची मधली शीर पांढरट, बुडाशी वाळलेला पाला तांबूस-पिवळा, आणि तुऱ्यांवर ऊन पडलं की वरचा पट्टा रुपेरी-जांभळट. म्हणून तयार हिरवा मी घेतच नाही. आधी खाली मातकट तांबूस लेयर, त्यावर निळसर हिरवा, पिवळा सगळ्यात शेवटी. स्क्रीनवरचा हिरवा प्रकाशाचा असतो, छपाईच्या शाईत तेवढा उतरत नाही. त्यामुळं तो जरा दाबूनच ठेवतो.

'हे कॉम्प्युटरच काढतंय ना?' असं बरेच जण विचारतात. नाही हो. हात माझा, बघणंही माझंच. चित्रकार आबालाल रहिमान (निधन १९३१) कोटितीर्थ तळ्याच्या काठी निसर्गचित्रं रंगवायचे. त्यांच्या कोल्हापुरात मी चित्रं काढतो याचं मला फार बळ वाटतं. साधन बदललं, पण रानात जाऊन बसणं चुकत नाही, चुकूही नये.

दुपारी रानमालक काका मागं येऊन उभे राहिले. म्हणाले, "शेजारची नव्या उसाची लागण बी घे की चित्रात, आजच पाणी पाजलंय." घेतली. सरीतल्या पाण्यात आभाळ उतरलं होतं, त्यानं सगळं चित्रच उजळलं.

पूर्ण झालं की इथं टाकतो. काकांना मात्र छापून, फ्रेम करून देणार आहे.